नाव न घेता

रविवारच्या मिस्साच्या शेवटी फादर रायन यांनी सूचना वाचली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्या चर्चमध्ये ‘सोबती’ नावाचा गट सुरू होतोय, म्हणाले. कठीण दिवसांतल्या माणसांजवळ जाऊन बसायचं, त्यासाठी आठ रविवार प्रशिक्षण, चहा-नाश्ता चर्चतर्फे.

चहा-नाश्ता म्हटलं की समजावं, काहीतरी गळ्यात मारायचंय. आणि प्रशिक्षण कसलं? आमच्या वटार गावात कोणी गेलं तर बोलावणं न पाठवता अख्खी आळी दारात उभी असते. पेज येते, खुर्च्या येतात, रडायला सोबत येते. हे सगळं कोणी फळ्यावर लिहून शिकवलं होतं का आम्हाला?

मी रिटा. वय एकसष्ट. एकतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीचशी आमच्याच भागात. कोणाला कोर्टाची नोटीस आली, कोणाच्या मुलाची कुवेतची पत्रं बंद झाली, कोणाच्या घरी हॉस्पिटलचा रजिस्टर लिफाफा आला, सगळं माझ्या हातावरून गेलं. माझ्या तोंडून एक शब्द बाहेर गेला नाही. माझे मिस्टर हयात असताना रागावायचे, म्हणायचे, तू बायको आहेस की पोस्टाची पेटी. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून सांगते.

मग मी गटात नाव का दिलं? लक्ष ठेवायला. सरळ सांगते. चर्चच्या दाराशी यादी लावली होती आणि तिच्यात चौथं नाव बेनेडिक्टचं होतं. बेनेडिक्ट म्हणजे जमिनीचा दलाल. आमच्या बाजूला ज्या ज्या वाडीवर इमारत उभी राहिली, तिच्या फाटकापाशी हा माणूस आधी दोन महिने चहा पिताना दिसलेला. असा माणूस दुःखी लोकांजवळ बसायला शिकणार? दुःखाच्या घरातच तर सातबारा पहिल्यांदा कपाटातून बाहेर निघतो. मी स्वतःला म्हटलं, रिटा, तू नाही गेलीस तर याच्यावर नजर कोण ठेवणार.

शिकवायला आली निधी. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, विरारच्या मनवेलपाड्यातून स्कूटर मारत यायची. कपाळावर टिकली, पाठीला सॅक, हातात काळी वही. मी फादरांना बाजूला घेऊन विचारलं, “आपल्यात कोणी मिळालं नाही का?”

“ती रोज हेच काम करते, रिटाबाई. हॉस्पिटलमध्ये. आपल्यात हे काम शिकलेलं कोणी असेल तर मला सांगा.”

मला कोणी आठवेना. पण त्या काळ्या वहीवर माझं लक्ष होतं. आम्ही बोलायचो आणि ती मध्येच खाली मान घालून काहीतरी खरडायची. काय लिहीत होती, कोणाला दाखवत होती, देव जाणे.

पहिल्याच रविवारी तिनं फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. ऐकायचं. उपदेश करायचा नाही. कोणाचं नाव बाहेर न्यायचं नाही. तिसऱ्या ओळीखाली तिनं दोनदा रेघ मारली. “फक्त जिवाला धोका वाटला तर मला आणि फादरांना सांगायचं. आम्हा दोघांनाच. घरच्यांना नाही, शेजाऱ्यांना नाही, आपल्या नवऱ्या-बायकोलाही नाही.” मी हात वर करून म्हटलं, “हे आम्हाला शिकवू नका, आम्ही पोस्टात होतो.” सगळे हसले. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

मग जोड्या लावून सराव. एकानं दुःख सांगायचं, दुसऱ्यानं तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. माझ्यासमोर नेमका बेनेडिक्ट आला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “माझी आई गेली तेव्हा मी सुरतला होतो. मी पोचलो नाही.” एवढं बोलून थांबला. आता अख्ख्या गावाला माहीत होतं की हा आईच्या मयताला पोचला नव्हता. आठ वर्षं मला विचारायचं होतं. मी विचारलं, “सुरतला असं काय काम होतं?”

निधी घड्याळ घेऊन मागेच उभी होती. “चाळीस सेकंद,” म्हणाली. “मावशी, तुम्ही चौकशी करताय.”

“चौकशी केली नाही तर कळणार कसं?”

“आपल्याला कळून घ्यायचं नाहीये. जवळ बसायचंय.”

मला ते काही पटलं नाही. न विचारता बसायचं तर माणूस कशाला, ओट्यावर मांजर बसतंच की. पण बेनेडिक्टनं माझ्यावर राग धरला नाही, आणि त्यानं मी आणखीच सावध झाले. दलाल माणूस, राग गिळायची सवयच असते त्याला.

आठ रविवार संपले. फादरांनी गळ्यात छोटे क्रूस घातले, फोटो काढले. मग चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवल्या, कारण कोणाच्याही घरी दोघांनी मिळून जायचं होतं. माझ्या चिठ्ठीत बेनेडिक्ट निघाला. चिठ्ठी कोणी घातली, कोणी काढली, मी सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. तरी मला वाटलं, यात फादरांचा हात आहे.

आम्हाला घर मिळालं ग्लेनचं.

ग्लेन अडतीस वर्षांचा. केळीची आणि मोगऱ्याची वाडी, वाडीत घर, घरात बायको क्रिस्टिना, सात वर्षांची मुलगी टिफनी आणि आई रोझलीन. रोझलीन माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, आमच्या आळीची जुनी बाई, हृदयाला स्टेंट घातलेली. ऑगस्टमध्ये ग्लेन विहिरीत पडला होता. पंपाचा फूटवॉल्व, म्हणजे पाण्यातली झडप, अडकला म्हणून उतरला आणि पाय घसरला, असं गावाला माहीत होतं. आमच्याकडे प्रत्येकाचा फूटवॉल्व कधी ना कधी अडकतो, त्यामुळे कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी प्रश्न विचारणारी बाई आहे.

पहिल्या दोन भेटींत ग्लेन हवापाण्यावर बोलला. तिसऱ्या भेटीत रोझलीन टिफनीला घेऊन चर्चला गेली होती. क्रिस्टिनानं चहा ठेवला आणि ती कपाट धरून उभी राहिली. ग्लेन जमिनीकडे बघत म्हणाला, “फूटवॉल्व ठीक होता.”

मी तोंड उघडलं. बेनेडिक्टनं बसल्या जागेवरून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

ग्लेन थांबत थांबत सांगत राहिला. आत गेल्यावर पंपाचा पाईप हाताला लागला, तो धरला, आणि मग त्यानंच क्रिस्टिनाला हाक मारली. एवढी जोरात आपण जन्मात हाक मारली नसेल, म्हणाला. “कारण विचारू नका. कारण असतं तर सोपं झालं असतं.” मग म्हणाला, “आईला माहीत नाही. तिला कळलं तर ती जाईल. आणि गावात कळलं तर मी या दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. डॉक्टरकडेही नाही, चर्चमध्येही नाही, कुठेच नाही.”

क्रिस्टिना मान वर न करता म्हणाली, “डॉक्टरकडे जातोय तो आता. दर पंधरा दिवसांनी. गोळ्यांनी झोप लागतेय.”

एकतीस वर्षांत बंद लिफाफे खूप हाताळले होते. उघडं माणूस असं पहिल्यांदाच हातात आलं होतं. मी आणि बेनेडिक्टनं ठरल्याप्रमाणे निधीला आणि फादरांना सांगितलं, आणि मी तोंडाला कुलूप घातलं.

आता नीट मोजा. ग्लेन, क्रिस्टिना, निधी, फादर, बेनेडिक्ट आणि मी. डॉक्टर सोडले तर सहा माणसं. फादर तर कन्फेशन ऐकणारे, त्यांना मी मोजणार नाही.

सप्टेंबरात सगळं बरं चाललं. ग्लेन फाटकापर्यंत आम्हाला सोडायला यायला लागला. एकदा हसलासुद्धा, टिफनीच्या कसल्याशा बोलण्यावर. मी घरी येऊन मिस्टरांच्या फोटोला सांगितलं, पोरगा हसला. नाव त्यांनाही सांगितलं नाही.

ऑक्टोबर म्हणजे आमचा रोझरीचा, जपमाळेचा महिना. मारियामातेची मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि संध्याकाळी सगळी आळी त्या घरी गुडघे टेकते. रोझरीत पाच रहस्यं, म्हणजे प्रभूच्या आयुष्यातले पाच प्रसंग. दर रहस्याला ‘नमो मारिया’ ही प्रार्थना दहा वेळा, आणि ते चालवणारी बाई आधी मोठ्यानं सांगते की हे कोणासाठी अर्पण करायचं. त्या शुक्रवारी मूर्ती आळीतल्या केनीच्या घरी होती. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं. तिसरं, काट्यांच्या मुगुटाचं, माझ्याकडे आलं. ज्यांच्यासाठी माझं मन जड होतं त्यांच्यासाठी मी ते अर्पण केलं. अगदी पोटातून केलं. शेजारी रोझलीन होती, तिच्या डोळ्यांना धार लागली होती. किती दिवसांनी चांगली प्रार्थना झाली असं वाटून मी घरी आले.

सोमवारी सकाळी क्रिस्टिनाचा फोन. आवाज बसलेला. “मावशी, तुम्ही दोघं येऊ नका. ग्लेन कोणाला भेटणार नाही म्हणतो. बाहेर कळलंय. शनिवारी डॉक्टरची तारीख होती, तीपण त्यानं चुकवली. गोळ्या माझ्याकडून घेत नाही. शुक्रवारपासून पलंगावरून उठला नाही, मावशी, आणि मी एक मिनिट त्याला एकटं सोडत नाही.”

“कोणी सांगितलं बाहेर?”

“मला काय माहीत,” म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्याशी कधी अशी न बोलणारी मुलगी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा माणसांतून एक. ग्लेन आणि क्रिस्टिना आपल्याच घरावर दगड टाकणार नाहीत. मी नाही. उरले दोन. काळी वही आणि जमिनीचा दलाल.

वहीचा निकाल त्याच संध्याकाळी लावला. निधीला फादरांनी घाईनं बोलावून घेतलं होतं. ती आतल्या खोलीत फोनवर बोलत होती आणि सॅक चर्चच्या हॉलमध्ये खुर्चीवर होती. वही वरच होती. मी उघडली. लाज वाटली, पण उघडली. ‘वटार ३. भेट ६. झोप बरी. जेवण बरं. पुढची तारीख शनिवार.’ पान उलटलं, ‘वटार १’, ‘नालासोपारा, तुळिंज २’. अख्ख्या वहीत एकाही माणसाचं नाव नव्हतं. मी वही होती तशी ठेवली. निधी बाहेर आली, सॅककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मावशी, पाणी देऊ?” तिला कळलं असणार. मी पाणी प्यायले.

म्हणजे बेनेडिक्ट.

दुसऱ्या दिवशी मी ग्लेनच्या वाडीच्या मागच्या वाटेनं मुद्दाम गेले. घरात जायची बंदी होती, वाटेनं जायची नव्हती. आणि काय दिसलं? केळींच्या आडून बेनेडिक्ट. हातात मोजायचा टेप. एक टोक दगडाखाली दाबलेलं, दुसरं हातात, आणि खांद्यानं कानाशी धरलेल्या फोनवर कोणाला तरी आकडे सांगत होता. “आठ फूट चार इंच. नाही, गोल आहे. हो, लवकर पाहिजे, उशीर करून चालणार नाही.”

घ्या. पोरगा आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलाय आणि हा बाहेर वाडी मोजतोय. मला वाटलं तिथंच ओरडावं. पण रोझलीन ओट्यावर बसलेली दिसत होती, म्हणून दात आवळून परत फिरले. सगळं जुळत होतं. याला आधी जमीन हवी होती. त्यासाठी घर फुटायला हवं होतं. त्यासाठी गुपित फुटायला हवं होतं. चार रविवार आधीच ही चाल माझ्या लक्षात यायला हवी होती, असं मनाशी म्हणत घरी आले आणि रात्री जेवले नाही.

बुधवारी गटाची बैठक. हॉलमध्ये आम्ही बारा जण, फादर आणि निधी. निधी म्हणाली, “एका घरी अडचण आलीय. कोणाची चूक ते शोधायला आपण बसलेलो नाही. त्या माणसापर्यंत परत कसं पोचायचं, एवढंच बघायचं.”

मी उभी राहिले. “मला बघायचंय कोणाची चूक ते. माझ्या जोडीदाराला विचारा.”

“रिटाबाई,” फादर म्हणाले.

“नाही फादर, आज मला बोलू द्या. हा माणूस त्या घरात सोबती म्हणून गेला आणि काल टेप लावून वाडी मोजत होता. मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या घरचं बाहेर गेलं ते याच्याच तोंडून गेलं. दलालाला क्रूस घातला म्हणून तो सोबती होतो का?”

बेनेडिक्टचा चेहरा उतरला होता, पण तो माझ्याकडे रागानं बघत नव्हता. उलट माझी कीव आल्यासारखा बघत होता आणि ते मला आणखी झोंबलं.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “आपण हे बाहेर बोलू. आपण दोघंच.”

“का? इथंच बोल. लपवायचं असतं त्यालाच बाहेर बोलायचं असतं.”

“मावशी, ऐका माझं.”

“इथंच.”

त्यानं फादरांकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. “मला क्रिस्... त्या घरातून सोमवारीच कळलं. बाहेरून कोणी काही बोललेलं नाही. त्या माणसाची आई शुक्रवारी रोझरीहून घरी आली आणि जेवताना म्हणाली, आपल्या गावातल्या कोणा तरुण बापाला म्हणे जगणं नकोसं झालं होतं. पाण्यातून देवानं त्याला परत पाठवलं. बिचारी त्याची आई, तिला कोणी सांगितलंसुद्धा नाही म्हणे. आणि तिनं घरात त्याच्यासाठी मेणबत्ती लावली.”

“कोणाच्या घरची रोझरी?” मी विचारलं.

“केनीच्या घरी,” बेनेडिक्ट म्हणाला. आवाज जवळजवळ ऐकू येत नव्हता. “तिसऱ्या रहस्याला.”

त्या हॉलमधले निम्मे जण शुक्रवारी केनीच्या घरी होते. सगळ्यांना आठवलं, तिसरं रहस्य कोणी चालवलं. कोणीही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे फरशीकडे बघत होते आणि त्यावरूनच मला कळलं.

हे माझे शब्द होते. अक्षर न् अक्षर माझे. ‘आपल्या गावातल्या एका तरुण बापासाठी, ज्याला जगणं नकोसं झालं, पण ज्याला देवानं पाण्यातून परत पाठवलं. आणि त्याच्या आईसाठी, जिला हे ठाऊकही नाही.’ नाव घेतलं नव्हतं. नियम पाळला होता. मारियामातेला सांगितलं होतं, माणसांना थोडंच. चाळीस माणसं गुडघ्यावर होती, पण ती प्रार्थनेत होती आणि प्रार्थनेत सांगितलेलं बाहेर जातं असं मला कधी वाटलंच नव्हतं. लहानपणापासून आम्ही असंच करत आलो. ज्याचं दुखतं त्याला मोठ्यानं देवापुढे ठेवायचं. पोस्टाच्या खिडकीत मी एकतीस वर्षं गप्प राहिले आणि गुडघे टेकून सगळं बोलून मोकळी झाले.

आणि त्या पोरानं काय ऐकलं? जेवणाच्या ताटावर, आईच्या तोंडून, स्वतःचीच गोष्ट.

“तुला सोमवारपासून माहीत होतं,” मी बेनेडिक्टला म्हटलं. “मग बोलला का नाहीस?”

“नाव बाहेर न्यायचं नाही असं शिकवलंय ना,” तो म्हणाला. “मला वाटलं, ते सगळ्यांना लागू आहे. तुम्हालाही.”

मी खाली बसले. रडले, सगळ्यांसमोर, नाक ओढत. निधी येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. काही बोलली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही, नुसती बसली. तीन मिनिटांहून जास्तच बसली असेल. आठ रविवार मला जे पटलं नव्हतं ते तेव्हा पटलं, आणि फार उशिरा पटलं.

“मी जाते त्याच्याकडे,” मी म्हटलं.

“तो भेटणार नाही कदाचित,” निधी म्हणाली.

“दारातून सांगते.”

“काय सांगाल?”

“मी केलं म्हणून. एवढंच. नाव घेतलं नव्हतं, हे सांगणार नाही.”

ती फादरांकडे बघून म्हणाली, “जाऊ द्या. पण दार बंद झालं तर ढकलू नका, मावशी.”

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी ग्लेनच्या फाटकात शिरले. वाटेत विहीर लागते. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली होती, कोरी, लाल रंग अजून ओला. कडेला मोठं कुलूप. मी थांबून बघत राहिले. आठ फूट चार इंच. गोल. लवकर पाहिजे, उशीर करून चालणार नाही. निधीनं पाचव्या रविवारी सांगितलं होतं, घरात, आवारात जिथं धोका वाटतो ती जागा आधी बंद करा. मी त्या दिवशी वहीवर नजर ठेवून होते, म्हणून ऐकलं नव्हतं. बेनेडिक्टनं ऐकलं होतं.

ओट्यावर रोझलीन लसूण सोलत बसली होती. मला बघून तिनं जागा केली. दारात क्रिस्टिना आली, माझ्याकडे बघून तिचं तोंड घट्ट झालं. मी तिला म्हटलं, “ग्लेनला सांग, मला आत यायचं नाही. तो खिडकीपाशी येऊन ऐकेल का, तेवढं विचार.”

बाजूच्या खिडकीशी मी गेले, हळू बोललं तर रोझलीनला ऐकू जाणार नाही अशी. बराच वेळ गेला. मग गजांमागे ग्लेनचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोळे खोल.

“रोझरीत मी बोलले,” मी म्हटलं. “बेनेडिक्ट नाही, निधी नाही, तुझी बायको नाही. मी. माझी चूक.”

माझ्या जिभेवर दहा वाक्यं येऊन उभी राहिली होती, आणि मी एकालाही वाट दिली नाही.

शेवटी तो म्हणाला, “आईनं मेणबत्ती लावली. म्हणाली, चल, त्या पोरासाठी दहा नमो मारिया म्हणू. मी तिच्या समोर बसून म्हटल्या.” त्याचा आवाज कोरडा होता. “आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. दहा वेळा. रोज म्हणते ती. रोज मला पलंगावर उठवून बसवते.”

मी गज धरला.

“उद्या बेनेडिक्टला पाठवा,” तो म्हणाला. “त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाईन. तुम्ही येऊ नका, मावशी.”

“बरं,” मी म्हटलं. लागलं मला ते. लागायलाच हवं होतं.

परत ओट्याशी आले आणि निघणार तेवढ्यात रोझलीननं माझं मनगट धरलं. ती आमच्या घरच्या बोलीत बोलते, मी इथं सरळ करून सांगते. म्हणाली, “रिटा, त्या पोराचं कसंय गं? रोझरीतल्या?”

मी म्हटलं, “आहे.”

“तू त्याच्या आईला ओळखतेस ना? असणारच. तुझ्या ओळखीशिवाय तू अर्पण केलं नसतंस. तिला माझा निरोप दे. सांग, माझ्याकडे येऊन बस म्हणावं. मी तिला काही विचारणार नाही. लसूण सोलू, तांदूळ निवडू. एकटीनं सोसू नको म्हणावं. हृदयाचं दुखणं मलाही आहे, मी काही मेले नाही त्यानं.”

तिचा हात माझ्या मनगटावर होता. निरोप देते म्हटलं तर खोटं, ओळखत नाही म्हटलं तर खोटं. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि ताटलीतली एक गड्डी उचलून पाकळ्या सुट्या करायला लागले.

मागे दार वाजलं. ग्लेन उंबऱ्यावर उभा होता. सहा दिवसांत पहिल्यांदा, असं क्रिस्टिनानं मला फार नंतर सांगितलं. खिडकी काही फार लांब नव्हती, त्यानं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आईच्या डोक्याकडे, तिच्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघत होता.

“आई,” तो म्हणाला. “जरा आत ये.”

“लसूण राहिलाय रे.”

“राहू दे. ये. माझ्याजवळ बस.”

रोझलीननं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्याकडे एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं, तिला आधीपासूनच माहीत होतं की काय. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, हात पदराला पुसले आणि आत गेली. क्रिस्टिनाही गेली. दार त्यांनी लावून घेतलं नाही, नुसतं लोटलं.

मी ओट्यावर एकटी. दार बोटभर उघडं. मी कशी बाई आहे ते तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. मी ताटली उचलली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, पंपाच्या खोलीजवळ जाऊन बसले. तिथून फक्त कावळे ऐकू येतात. उरलेला लसूण सोलला, सालं केळीच्या बुंध्याशी टाकली, ताटली झाकून ठेवली आणि बेनेडिक्टकडे निरोप द्यायला निघाले.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आता महिना होत आला. रविवारी ग्लेन आणि रोझलीन एका बाकावर बसतात, ती त्याचा हात धरून असते. आळीत बायका मला विचारतात, त्या घरी काय झालं गं, तू जायचीस ना तिथं. मी सांगते, मला काही माहीत नाही. आणि ते खरं आहे.